आठ मात्रांची जागा

इंदिरानगर, नाशिक
११ ऑगस्ट २००२

ती. गोरक्षमामांना हर्षालीचा नमस्कार.

कोण हर्षाली, असं कपाळाला आठ्या घालून विचारण्याआधीच सांगते. तुमच्या चुलतबहिणीची, मंगलाची, मुलगी. मागे भेटलो तेव्हा मी दोन वेण्या घालत होते, आता दोन वेण्या घातलेल्या पोरींना शाळेत गाणं शिकवते. परवा फोन केला होता तो मीच. तुमच्या मागे कांदा मार्केटातले ट्रॅक्टर एवढे ओरडत होते की तुम्ही पाच वेळा "हां, हां" म्हणालात आणि फोन ठेवलात. कशाला "हां" म्हणालात ते तुम्हालाही कळलं नसणार, म्हणून हे पत्र.

तर गोष्ट अशी. तुमचे शाहीर सावळीराम अहिरे जाऊन आता तीन वर्षं झाली. इथली एक कॅसेट कंपनी त्यांच्या आठवणीत अल्बम काढते आहे. त्यांचीच आठ गाणी, आठ वेगवेगळ्या गायकांनी नव्याने म्हटलेली. त्यातलं एक मला मिळालंय, आणि तेही 'मना सोबती'! मामा, मी बत्तीस वर्षांची झाले. आजवर माझं नाव फक्त शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत छापून आलंय, तेही एकदा 'हर्षद' असं. त्यामुळे आनंदाने नाचावंसं वाटतंय आणि त्याच वेळी भीतीही वाटतेय.

भीती यासाठी, की हे गाणं म्हणायचं कसं हेच मला समजत नाही. चौऱ्याण्णव सालची त्यांची कॅसेट रोज ऐकते. हुबेहूब त्यांच्यासारखं म्हटलं तर लोक म्हणतील, मग मूळचंच ऐकतो की, तू कशाला? माझ्यासारखं म्हटलं तर म्हणतील, चांगल्या गाण्याची वाट लावली. आमचे संगीतकार रंगनाथ सर सोमवारी म्हणतात, "आत्मा तोच ठेव." मंगळवारी म्हणतात, "त्यात तुझं काहीतरी आण." आत्मा तोच ठेवून मी आणू काय, भाजी?

अर्थ मात्र सरांनी छान उलगडून सांगितला. "नदीपार शे का मळामा शे, मना सोबती कोठे शे?" म्हणजे, हे मना, तुझा सोबती कुठे आहे, भवनदीच्या पार, की पापाच्या मळात? माझ्या तर अंगावर काटाच आला. आईला विचारलं, बरोबर आहे का गं? ती मेथी निवडत होती. म्हणाली, "असेल तसंच."

तुम्ही पंधरा वर्षं त्यांना ढोलकीची साथ केलीत. मनाला विचारताना ते आवाज कसा लावायचे, एवढं कळवा. कुसामामींना नमस्कार.

तुमची भाची,
हर्षाली


नामपूर, ता. बागलाण
२१ ऑगस्ट २००२

चि. हर्षालीस गोरक्षमामाचा आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत, मार्केटात कांदा सोडून काही दिसत नाही.

पत्र पोचले. मंगलीची पोर गाणे म्हणते हे ऐकून तुझ्या मामीला आनंद झाला. मला पण झाला. पण तू चुकीच्या माणसाला विचारलेस. तुझ्याजवळ जी कॅसेट आहे तिच्यात ढोलकी माझी नाही. मालेगावच्या माणसाची आहे. त्याच्या एक वर्ष आधीच माझे आणि सावळीरामचे तुटले होते. मी ढोलकी खुंटीला टांगली ती टांगलीच. आता मार्केटात वजनकाट्यावर असतो.

ती कॅसेट मी ऐकलेली नाही. पंच्याण्णव साली ती गावात प्रत्येक टपरीवर वाजायची. ती लागली की मी अर्धा चहा टाकून उठायचो. त्या वर्षी चहा कमी झाला म्हणून माझी तब्येत चांगली राहिली.

तो गेला त्या दिवशी मी लासलगावला होतो. होतो म्हणजे मुद्दाम गेलो होतो. हे मंगलीला सांगू नको.

तू मनाला विचारायचे असे काय लिहिलेस ते समजले नाही. मन आपल्याजवळच असते, त्याला काय विचारायचे? शहरात तसे म्हणत असतील. सावळीराम आवाज वगैरे लावत नव्हता. उभा राहायचा आणि सुरू व्हायचा. हुबेहूब म्हणण्याच्या भानगडीत पडू नको. त्याचा आवाज नाकातून यायचा, पण ती कला नव्हती, सर्दी होती. बारा महिने सर्दी.

तुझी मामी म्हणते, पोरीला एकदा पाठव म्हणावं. ये.

गोरक्ष निकम


इंदिरानगर, नाशिक
३० ऑगस्ट २००२

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग लासलगावपाशी येऊन थांबले. आईला सांगितलं नाही. तुमचं काय बिनसलं होतं हे विचारावं की नाही, ते कळत नाही. म्हणून विचारत नाही. पण विचारलंय असं समजा.

सर्दीचं कालच तालमीत सांगायला हवं होतं. आमच्यातला एक गायक नाक चिमटीत धरल्यासारखा गातोय आणि सगळे त्याला म्हणतायत, "काय सावळीराम उतरवलाय!" मी घरी येऊन तसं करून पाहिलं. आईने व्हिक्स आणून दिलं.

मी पुरती गोंधळले आहे, मामा. एक जण म्हणतो, आठवणीचा अल्बम म्हणजे श्राद्ध, जे त्यांना आवडायचं तेच पानात वाढायचं. दुसरा म्हणतो, तेच वाढायचं तर नवा स्वयंपाक कशाला? मला दोघांचंही पटतं. मग मी दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहते आणि दोन्ही वेळा कुणीतरी तिसरीच बाई गातेय असं वाटतं.

आता त्या प्रसिद्ध शांततेचंच बघा. 'कोठे शे?' म्हणून ओळ संपते आणि मग काहीच नाही. सावळीराम गप्प, पेटी गप्प, ढोलकी गप्प, मागे फक्त झांज बारीक चालू. मग पुढची ओळ. असं तीनदा होतं. लोक या जागेवर जीव टाकतात. रंगनाथ सर म्हणतात, प्रश्न विचारून मनाला उत्तर द्यायला वेळ दिलाय, आणि मन उत्तर देत नाही, हाच या गाण्याचा गाभा. ते ती शांतता दुप्पट लांबवून तिथे तानपुरा आणि बासरी घालणार आहेत. शांततेत बासरी घातली की ती शांतता राहते का? मी विचारलं नाही. ते मला अल्बममधून काढतील.

अल्बमबरोबर जे माहितीपत्रक जाणार आहे, त्यातला माझ्या गाण्याचा मजकूर खाली उतरवून देते. छापूनही झालाय.

"मनाला उद्देशून केलेलं हे चिंतन. 'हे मना, तुझा खरा सोबती कोण?' असा सनातन प्रश्न विचारून शाहीर मौन होतात."

छान लिहिलंय ना?

हर्षाली


नामपूर
४ सप्टेंबर २००२

चि. हर्षालीस,

मार्केटातूनच लिहितो आहे, अक्षर समजून घे.

पहिली गोष्ट. मना म्हणजे माझा. आपल्या अहिराणीत माझा म्हणजे मना, तुझा म्हणजे तुना. मना भाऊ, तुना भाऊ. आता समजले तू काय लिहीत होतीस ते. सावळीराम मनाला काही विचारत नाही. माझा सोबती कुठे आहे असे विचारतो. मळामा म्हणजे मळ्यात. पापबिप काही नाही, तिथे गवार असायची. मंगलीने तुला एवढे पण शिकवले नाही? सनातन प्रश्न वाचून तुझी मामी एवढी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आले नाही, कारण दुसरी गोष्ट.

ओळीनंतर शांतता आहे असे लिहिलेस. नक्की? कोणीच बोलत नाही?

त्या गाण्यात शांतता नव्हतीच. सावळीराम विचारायचा, "मना सोबती कोठे शे?" आणि मी ढोलकीवरून ओरडायचो, "आठे शे, आठे शे!" म्हणजे इथे आहे. लोक त्याच्यासाठीच यायचे. लग्नात म्हाताऱ्या बायासुद्धा माझ्याबरोबर ओरडायच्या.

आमचे तुटल्यावर वर्षाने ते लोक रेकॉर्डिंग करून आले. रावजी पेटीवाला मला रस्त्यात भेटला. म्हणाला, "गोरक्ष, तुनी जागा भराई गई." तुझी जागा भरली. मी समजलो की मालेगाववाल्याने नुसती ढोलकी वाजवली नाही, माझे उत्तर पण दिले. म्हणून मी कॅसेट ऐकली नाही. माझे 'आठे शे' दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे नव्हते. आठ वर्षे मी असेच धरून चाललो. आता तू म्हणतेस तिथे कोणीच नाही.

एक काम कर. झांजेवर मात्रा मोज. ओळ संपल्यापासून पुढची ओळ सुरू होईपर्यंत किती? चार का जास्त? तिन्ही वेळचे वेगळे मोज. मी स्वतः ऐकू शकत नाही. धीर होत नाही म्हण. चार आले तर तसे लिही, लपवू नको. का ते नंतर सांगतो.

गोरक्षमामा


इंदिरानगर, नाशिक
१३ सप्टेंबर २००२

मामा,

'मना' म्हणजे माझा! मी महिनाभर डोळे मिटून, मान हलवून, भजनासारखं गातेय, आणि तो बिचारा गवारीच्या मळ्यात आपला दोस्त शोधतोय! लाजेने मेले. मग रागाने उठले आणि तुमचं पत्र आईसमोर ठेवलं.

तिने ते दोनदा वाचलं. म्हणाली, "मला माहीत होतं." मग सांगायचं नाहीस का? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कसं माहीत." मी म्हटलं, अगं, तू नामपूरची आहेस, तुला माहीत असणारच! तेव्हा कुठे तिने सांगितलं. लग्न होऊन नाशिकला आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने सासूबाईंना विचारलं, "पानी कोठे शे?" घर आठवडाभर हसत होतं. कुणी पाणी मागितलं की दीर म्हणायचे, "पानी आठे शे." तेव्हापासून तिने ती बोली बंद केली ती कायमची. माझ्यासमोर एक शब्द नाही. मला वाटायचं नामपूरचे लोक फक्त फोनवर वेगळं बोलतात.

मला तिचा राग येतोय, आणि राग आला की तिची दया येते, आणि दया आली की पुन्हा राग. माझ्या आईच्या भाषेत 'माझा' कसं म्हणतात ते मला बत्तिसाव्या वर्षी तुमच्या पत्रातून कळावं?

असो. तुमचं काम केलं. एकदा मी मोजलं, एकदा आईकडून मोजून घेतलं, तिला कशासाठी ते न सांगता. तिन्ही वेळा आठ मात्रा. चार नाही. बरोबर आठ, केरवा तालाचं एक पूर्ण आवर्तन. आठ चांगले की वाईट? लवकर कळवा, मला चैन नाही.

हर्षाली


इंदिरानगर, नाशिक
६ ऑक्टोबर २००२

मामा,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. मार्केटात फोन केला तर कुणीतरी म्हणालं, "निकम हाय ना काट्यावर, पन आज लय गरम हाय, बोलायचा नाय." तब्येत गरम की डोकं, ते समजलं नाही. मी आठ लिहून काही चुकीचं केलं का?

इकडची खबर. रंगनाथ सरांना मी खरा अर्थ सांगितला. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पण मनाचा अर्थ जास्त खोल आहे." मी म्हटलं, सर, पण तो अर्थच नाहीये. तर म्हणाले, "पत्रक छापून झालंय हर्षाली. आणि मोठ्या कलाकृतीला दोन अर्थ असतातच." एवढं बोलून ते बासरीवाल्याकडे गेले. मी तिथेच उभी. मला क्षणभर वाटलं, तेच बरोबर असतील. इतके लोक आठ वर्षं एखाद्या गाण्याने चुकीच्या कारणासाठी रडले, तर ते रडणं खोटं का?

पण मला एक सुचलंय, आणि त्यापुढे मला काही दिसत नाही. ९ नोव्हेंबरला माझं रेकॉर्डिंग आहे. तुम्ही या! मी विचारते, "मना सोबती कोठे शे?" आणि त्या आठ मात्रांत तुम्ही उत्तर द्या. खऱ्या जागी खरा माणूस. आठवणीच्या अल्बममध्ये याहून चांगलं काय असणार? सरांना मी पटवते. नाही म्हणू नका.

हर्षाली


नामपूर
१६ ऑक्टोबर २००२

चि. हर्षालीस आशीर्वाद.

तू काही चुकीचे केले नाहीस. महिनाभर मी काट्यावर उभा राहतो आणि समोरचा आकडा वाचायला विसरतो. मार्केटवाले म्हणतात, निकमला घरी बसवा.

आता खरे सांगतो. हे मी तुझ्या मामीला पण सांगितलेले नव्हते.

त्र्याण्णव साली आमच्याच गावच्या जत्रेत कार्यक्रम होता. भिंतीवर मोठी जाहिरात, 'सावळीराम आणि पार्टी'. पार्टी म्हणजे मी. पंधरा वर्षे मी पार्टी होतो. त्या दिवशी ते डोळ्यात खुपले. सावळीरामला मी काही बोललो नाही. स्टेजवर त्याने विचारले, "मना सोबती कोठे शे?" आणि मी तोंड उघडले नाही. तो हसला, त्याला वाटले मी गंमत करतो. परत विचारले. मी गप्प. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तो माझ्याकडे वळून विचारत होता, लोकांकडे नाही. मी ढोलकीकडे बघत राहिलो. मागून कोणी ओरडले, "सोबती पळी गया!" सगळी जत्रा हसली. त्याने खाली मान घालून गाणे संपवले. नंतर तो बोलला नाही, मी पण बोललो नाही. सहा वर्षे एका गावात राहिलो.

म्हणून तू शांतता लिहिलेस तेव्हा मला वाटले की हा सूड आहे. मी जत्रेत गप्प बसलो, ते माझे गप्प बसणे त्याने कॅसेटमध्ये घातले आणि गावोगाव वाजवले. घे, हा तुझा सोबती.

मग मात्रा आठवल्या. 'आठे शे, आठे शे' म्हणायला चार मात्रा पुरतात. उरलेल्या चारांत मी ढोलकीवर एक तुकडा वाजवायचो. तो माझा स्वतःचा होता, कोणी शिकवला नव्हता. सावळीरामला तो कधी आवडला नाही. "तुना तुकडा लय लांबस," म्हणायचा. लांबायचाच. मग तो गाणे थांबवून माझ्याकडे डोळे वटारून उभा राहायचा, माझे संपले की पुढची ओळ घ्यायचा. पंधरा वर्षे त्या तुकड्यावरून भांडलो. मला हिणवायचे असते तर चार मात्रा पुष्कळ होत्या. तू आठ लिहिलेस. त्याने तुकड्याची जागा पण ठेवली.

असे मला वाटते. खात्री नाही. कधी वाटते, मालेगाववाल्याला तुकडा जमला नसेल म्हणून नुसती मोकळी राहिली असेल. मेलेल्या माणसाच्या मात्रा मोजून काय कळते? मी गेलो असतो त्याच्या घरी, दोनशे पावले होती, तर विचारता आले असते.

रेकॉर्डिंगला मी येणार नाही. रागावू नको. त्याने जागा ठेवली असेल तर ती त्याच्या गाण्यात ठेवली आहे. तुझ्या गाण्यात येऊन मी 'इथे आहे' म्हणालो तर ते खोटे. मी तिथे नव्हतो. आणि तू पण ती रिकामी ठेवू नको. ती बासरी तर मुळीच नको. त्याच्या गाण्यातून मी उठून गेलो होतो म्हणून तिथे खड्डा आहे. तुझ्या गाण्यातून कोण उठून गेले आहे ते मला माहीत नाही.

पहिल्या पत्रात तू विचारलेस की दुसऱ्याचे गाणे कसे म्हणावे. मी ढोलकीवाला माणूस, मला एवढेच कळते. त्याचे गाणे घे, त्याचे दुखणे घेऊ नको. आपले जे असेल ते घाल. नसेल तर दुसरे गाणे घे, लाज नाही.

गोरक्षमामा


इंदिरानगर, नाशिक
२२ डिसेंबर २००२

मामा, नमस्कार.

तुमचं ते पत्र आल्यावर मला उत्तर लिहिता आलं नाही. आज अल्बम हातात आला, म्हणून सगळं एकदमच सांगते.

रेकॉर्डिंगच्या सकाळपर्यंत माझं ठरत नव्हतं. आईला म्हटलं, तू उत्तर दे, फक्त तीन वेळा 'आठे शे' म्हणायचंय. ती म्हणाली, "मला नाही येत आता ते." पण आली बरोबर. बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली, परीक्षेला पोचवायला आल्यासारखी.

माइकसमोर उभी राहिले आणि वाटलं, मी कुणाला शोधतेय? माझं तर कुणी उठून गेलेलं नाही. मग काचेतून आई दिसली आणि एकदम लक्षात आलं की आहे. नामपूरहून आलेली, पाणी कुठे आहे म्हणून विचारणारी एक मुलगी होती. ती या घरात आठवडाभरच राहिली. मला ती कधी भेटलीच नाही. मी तिलाच विचारत सुटले. जागा ठेवली नाही, थांबले नाही, ओळीमागून ओळ. घरात हरवलेली वस्तू शोधताना आपण उत्तराची वाट बघत थांबतो का?

सर काचेच्या पलीकडून हात हलवत होते, बासरीवाला बासरी तोंडाला लावून तसाच बसला होता. "प्रसिद्ध शांतता घालवलीस," सर म्हणाले. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, म्हणून ते तसंच राहिलं. पत्रकही तसंच राहिलं, मनाला उद्देशून. इथल्या एका पेपरात परीक्षण आलंय: "हर्षाली यांचा आवाज गोड, मात्र गाण्याचा गाभा त्यांना समजलेला नाही." नाव मात्र बरोबर छापलंय.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, "कोठेमधला ठ जरा शहरी झाला." आणि स्वतः म्हणून दाखवला. एकदाच, अगदी हळू. "कोठे." मी रस्त्याकडे बघत रडले, ती पर्सची चेन उघडझाप करत राहिली.

मी चांगलं म्हटलं की वाट लावली, मला खरंच माहीत नाही. कॅसेट सोबत पाठवते. तुम्ही ऐकाल का?

हर्षाली


नामपूर
५ जानेवारी २००३

चि. हर्षालीस अनेक आशीर्वाद. मंगलीला पण सांग.

कॅसेट पोचली. ऐकली. आठही गाणी ऐकली. सात जण सावळीरामसारखे गातात. एकाने तर त्याचा खोकलासुद्धा घेतला आहे. ऐकताना मला सारखे वाटत होते की सावळीराम कुठेतरी बाहेर उभा आहे आणि त्याला कोणी आत घेत नाही. तुझे लागले तेव्हा सावळीराम आठवला नाही. एक पोर काहीतरी शोधते आहे एवढेच वाटले. मग गाणे कळले. माझेच गाणे, आणि मला पहिल्यांदा कळले. तुझा 'शे' अजून शाळेतला आहे, तो नामपूरला आल्याशिवाय सुधारणार नाही. पण 'मना' बरोबर म्हटलास. पेपरवाल्याला म्हणावं, इकडे ये.

तुझे संपल्यावर तुझी मामी उठली. ट्रंकेत गोधडीखालून एक कॅसेट काढून आणली. सावळीरामची, जुनी. पंच्याण्णव साली तिने घेतली होती. मी मार्केटात गेलो की ती लावायची. म्हणजे माझ्या घरात माझ्या पाठीमागे आठ वर्षे सावळीराम गात होता आणि मला पत्ता नाही. मी चिडणार होतो. ती म्हणाली, "आते तरी आयक." आता तरी ऐक. मग मी चिडलो नाही.

ढोलकी काढली. कातडे सैल झाले आहे, ओढून घेतले तेवढे घेतले. तुझ्या मामीने कॅसेट लावली. तो सुरू झाला. तीच सर्दी.

पहिल्यांदा त्याने विचारले तेव्हा माझे हातच उठले नाहीत. आठ मात्रा तशाच गेल्या. दुसऱ्यांदा मी उत्तर दिले, पण घसा बसला आणि एक मात्रा उशीर झाला. तिसऱ्यांदा बरोबर पकडले. "आठे शे, आठे शे," ओरडलो, शेजारचे दारात आले. आणि तुकडा घेतला. तो लांबला. मी सवयीने वर बघितले, की आता थांबेल, डोळे वटारेल. तो थांबला नाही. माझा हात चालूच होता आणि तो पुढची ओळ घेऊन निघून गेला.

मी ढोलकी खाली ठेवली. तुझी मामी म्हणाली, परत लावू का? मी म्हणालो, लाव.

तुझा
गोरक्षमामा